पहिला बायपॉड: कमी खर्चात घ्या, पण डुगडुगणारा नको

रायफलच्या पुढच्या भागाला दोन पाय, बटाखाली (खांद्याला टेकणाऱ्या मागच्या टोकाखाली) एक छोटी पिशवी आणि मागे पालथा झोपलेला नेमबाज. ही मांडणी इतकी स्थिर दिसते की नवीन माणसाला वाटतं, पाय कुठलेही असले तरी काय बिघडतं? एक साधा हिशेब करून बघू. बायपॉड, म्हणजे पुढचे ते दोन पाय, आणि मागची पिशवी यांच्यात ६० सेंटीमीटर अंतर आहे असं धरा. त्यातलं एक टोक दशांश मिलिमीटर, म्हणजे साध्या कागदाच्या जाडीएवढं, बाजूला सरकलं तर १०० मीटरवरचा नेम सुमारे १७ मिलिमीटर सरकतो. ढिल्या सांध्यात एवढी हालचाल सहज होते, आणि ती प्रत्येक गोळीला वेगळ्या दिशेने होते.

म्हणून कमी बजेटमध्ये बायपॉड निवडताना मी एकाच गोष्टीवर अडून बसतो: सांधे घट्ट हवेत. पाय किती कोनांत वळतात, उंचीचे किती टप्पे आहेत, दिसतो किती छान, हे सगळं नंतर. स्वस्त बायपॉडमध्ये सुविधा भरपूर असतील, तर त्या प्रत्येक सुविधेसाठी एक जास्तीचा सांधा असतो आणि प्रत्येक सांधा ढिला पडू शकतो.

आधी वापर ठरवा

तुम्ही कुठे आणि कशी नेमबाजी करणार, हे आधी स्पष्ट करा. ऑलिम्पिकच्या रायफल स्पर्धा आयएसएसएफ या आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांनी होतात आणि तिथे गोळी झाडताना बायपॉडचा आधार घेता येत नाही. त्याच वाटेने जायचं असेल, तर हा खर्च स्लिंग (रायफलचा पट्टा) आणि नेमबाजीच्या जॅकेटकडे वळवलेला बरा. याउलट एफ-क्लास या लांब पल्ल्याच्या प्रकारात एफ-टीआर नावाचा गट आहे. त्यात .२२३ रेमिंग्टन किंवा .३०८ विंचेस्टर या दोनच काडतुसांच्या रायफली चालतात आणि पुढचा आधार म्हणून बायपॉड वापरतात. तिथे रायफलचं वजन स्कोप (नेमाची दुर्बीण) आणि बायपॉड धरून ८.२५ किलोच्या आत ठेवावं लागतं. (एफ-क्लासमधला एफ हा कॅनडाचे जॉर्ज फारकरसन यांच्या आडनावावरून आला.) या स्पर्धेत रुंद पसरलेले, सपाट तळव्यांचे खास बायपॉड दिसतात. ते बघून मोह होतो, पण ते एकाच कामाचे असतात. पहिली खरेदी म्हणून मी ते सुचवणार नाही.

बहुतेक नवशिक्यांचा वापर साधा असतो: रेंजवर पालथं झोपून किंवा टेबलावरून ५० ते ३०० मीटरवर कागदी टार्गेट. पुढचं सगळं त्यांच्यासाठी आहे.

एअर रायफलवाल्यांसाठी इथेच एक महत्त्वाची गोष्ट. तुमची रायफल स्प्रिंग-पिस्टनची असेल, म्हणजे नळी किंवा लिव्हर मोडून ताणायची, तर बायपॉड घेऊ नका. अशा रायफलमध्ये छर्रा नळीत असतानाच जड पिस्टन पुढे धावून आदळतो आणि सगळी रायफल मागेपुढे हिसके खाते. ती प्रत्येक वेळी एकाच पद्धतीने, सैल हातावर मोकळी हलू दिली तरच ग्रुप, म्हणजे कागदावर गोळ्यांचा पुंजका, चांगला येतो. बायपॉडवर तिला टणक टेकू मिळतो आणि ग्रुप बहुधा फाकतो. उघड्या तळहातावर, किंवा मऊ पिशवीवर हात ठेवून त्यावर ती जास्त चांगली चालते. आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणाऱ्या पीसीपी रायफलला हा त्रास नसतो. तिला बायपॉड छान मानवतो.

रायफलच्या पोटाखाली काय आहे ते बघा

कुठलीही तपासणी करण्याआधी मॅगझीन काढा, बोल्ट उघडा, चेंबर (काडतूस बसतं ती जागा) डोळ्यांनी बघा आणि बोट घालून खात्री करा. नळीचं तोंड सुरक्षित दिशेला ठेवा. बायपॉड बसवताना हात आणि तोंड सतत नळीच्या आसपास असतात, म्हणून हे दर वेळी करायचंच.

आता रायफल उलटी करून फोर-एंडच्या, म्हणजे दस्त्याच्या नळीखालच्या पुढच्या भागाच्या, खालची बाजू बघा. तिथे सहसा यांपैकी काहीतरी असतं.

स्लिंग अडकवायचा छोटा खिळा, म्हणजे स्विव्हल स्टड. लाकडी आणि साध्या प्लॅस्टिक दस्त्याच्या रायफलींवर हाच असतो. बायपॉडचे दोन आकडे या स्टडच्या भोकात शिरतात आणि खालची चकती फिरवून बायपॉड दस्त्याला आवळला जातो. हॅरिस या कंपनीचे बायपॉड याच पद्धतीचे आहेत आणि बाजारातले कितीतरी स्वस्त बायपॉड त्याच घडणीची नक्कल असतात.

खाचांची पट्टी, म्हणजे पिकॅटिनी रेल. हिचं माप १९९५च्या अमेरिकी लष्करी मानकाने पक्कं केलं: खाच ५.२३ मिलिमीटर रुंद, आणि दोन खाचांच्या मध्यांतलं अंतर सुमारे १० मिलिमीटर. दिसायला तशीच असलेली जुनी वीव्हर पट्टी मात्र वेगळी आहे. तिची खाच ४.५७ मिलिमीटरची, त्यामुळे पिकॅटिनीसाठी बनवलेला जाड आडवा दांडा तिच्यात शिरत नाही. उलट बाजूने, वीव्हरचं सामान पिकॅटिनीवर बसतं.

लांबट गोलसर भोकं असतील तर ते एम-लॉक. कॅमेऱ्याच्या तिपाईकडून आलेली तिरप्या कडांची रुंद पट्टी असेल तर ती आर्का-स्विस. मॅच रायफलींच्या पोटाखाली जी लांब पन्हळ दिसते, त्या रेलमध्ये सरकपट्टी घालून जोड बसवतात.

माझा सल्ला: ज्या जोडाची सोय रायफलवर आहे, थेट त्याच जोडाचा बायपॉड घ्या. स्टडवर अडॅप्टर, अडॅप्टरवर पट्टी, पट्टीवर बायपॉड अशी उतरंड रचली की प्रत्येक थर थोडा थोडा हलतो. एक अडॅप्टर चालून जातो, तो धातूचा आणि दोन स्क्रूंनी आवळलेला असेल तर. दोन नकोतच. आणि नळीलाच चिमट्यासारखा पकडणारा बायपॉड कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. झाडताना नळी कंप पावते, तापते, आणि तिच्यावर लटकवलेलं वजन गोळी लागण्याची जागा बदलतं.

स्टड असलेल्यांनी स्टड हाताने हलवून बघा. लाकडी दस्त्यात तो कधी कधी नुसत्या लाकडात पिळायच्या स्क्रूने बसवलेला असतो आणि बायपॉडच्या ओढीने हळूहळू वर येतो. आतून नट लावलेला स्टड बसवून घेणं हे छोटं काम आहे. ते झाल्याशिवाय चांगल्या बायपॉडचाही उपयोग नाही.

उंची पुस्तकांनी मोजा

उंची हा प्रश्न लोक अंदाजाने सोडवतात आणि तिथेच फसतात. उंच पाय घेतले की सगळ्याला पुरतील असं वाटतं. पण पाय जितके लांब, तितके ते वाकतात, रायफल जमिनीपासून वर जाते आणि बाजूला डुलते. गरजेपुरता सगळ्यात बुटका बायपॉड हाच सगळ्यात स्थिर.

घरीच मोजता येतं. रिकामी रायफल घेऊन जमिनीवर पालथं झोपा. फोर-एंडखाली पुस्तकं रचत जा. मान ताणावी लागत नाही, गाल दस्त्यावर आपोआप टेकतो, कोपरं आरामात जमिनीवर आहेत आणि नळी समोर सरळ आहे, अशी उंची आली की थांबा. जमिनीपासून फोर-एंडपर्यंतचं अंतर मोजा. बायपॉडची उंचीची मर्यादा या आकड्याच्या दोन्ही बाजूंना पोहोचली पाहिजे, म्हणजे खाली-वर करायला जागा राहते.

बहुतेकांचं उत्तर १५ ते २३ सेंटीमीटरमध्ये, म्हणजे ६ ते ९ इंचांच्या मापात बसतं. टेबलावरून झाडायलाही हेच माप चालतं. पोट मोठं असेल, मान मागे वळवायला त्रास होत असेल, मॅगझीन लांब असून जमिनीला टेकत असेल किंवा रेंज उताराची असेल, तर ९ ते १३ इंचांचं माप बघा. बसून झाडण्यासाठी त्याहून लांब पायांचे बायपॉड मिळतात. एकाच बायपॉडकडून झोपून आणि बसून अशी दोन्ही कामं करून घेण्याची अपेक्षा कमी बजेटमध्ये सोडून द्या.

पाय, खाचा, तळवे

पाय लांब करण्याच्या दोन पद्धती आहेत. एकात पायावर खाचा असतात आणि बटण दाबलं की पाय पुढच्या खाचेत अडकतो. दुसऱ्यात पाय गुळगुळीत असतो आणि स्क्रू आवळून हवा तिथे थांबवायचा. गुळगुळीत पायाने उंची बारीक साधता येते हे खरं, पण सगळा भार त्या एका स्क्रूवर येतो आणि स्वस्त मालात तो घसरतो. खाचांच्या पायांत दोन्ही बाजूंच्या खाचा मोजून रायफल चटकन समतल करता येते, घसरायचा प्रश्नच नाही. बारीक उंची मागच्या पिशवीने साधता येते. नवशिक्याने खाचांचेच घ्यावेत. हॅरिसच्या मॉडेलच्या नावात शेवटी येणारा एम म्हणजे खाचांचे पाय आणि सुरुवातीचा एस म्हणजे बाजूला कलणारं डोकं (रायफलला जोडला जाणारा वरचा भाग). एस-बीआरएम हे नाव दिसलं तर ते ६ ते ९ इंचांचं, खाचांचं आणि कलणारं मॉडेल. नक्कल केलेल्या मालावरही अशीच अक्षरं असतात, म्हणून ती वाचता येणं कामाचं.

तळव्यांचं थोडक्यात: काँक्रीट आणि टेबलासाठी रबर, मातीसाठी टोकदार खिळे. रबरी तळवे बदलता येण्यासारखे असतील तर उत्तम, कारण ते झिजतात आणि हरवतात.

धातू की प्लॅस्टिक, यावर फार वाद घालू नये. चांगलं पॉलिमर वाईट ओतीव धातूपेक्षा बरं. मॅगपुल कंपनीने २०१८मध्ये आणलेल्या बायपॉडमध्ये पॉलिमरचा भरपूर वापर आहे आणि तो व्यवस्थित काम करतो. माझा आक्षेप आहे तो ठिसूळ ओतीव धातूच्या आकड्यांना. सगळी ओढ त्यांच्यावरच येते आणि ते तुटताना आधी वाकून इशारा देत नाहीत.

कलणारं डोकं हवं, वळणारं नसलं तरी चालेल

या एका सुविधेसाठी मी थोडे जास्त पैसे मोजायला सांगेन. जमीन कधीच सपाट नसते. डोकं बाजूला कलत नसेल तर रायफल जमिनीप्रमाणे तिरकी राहते, आणि मग नेमबाज मनगटाच्या जोराने ती सरळ धरून ठेवतो. जोर सुटला की रायफल पुन्हा तिरकी.

तिरकेपणाचा परिणाम जवळच्या अंतरावर जाणवत नाही, म्हणून नवीन लोक त्याकडे दुर्लक्ष करतात. समजा ५०० मीटरसाठी तुम्ही स्कोपवर १० एमओए (एक एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) वर घेतले आणि रायफल ३ अंश कललेली आहे. गोळी अर्ध्या एमओएपेक्षा थोडी जास्त बाजूला जाईल. ५०० मीटरवर एक एमओए म्हणजे १४.५ सेंटीमीटर, म्हणजे फरक साडेसात सेंटीमीटरचा. वारा मोजून केलेली सगळी मेहनत त्यात बुडते, आणि दोष वाऱ्याला दिला जातो.

कलणं आवळता आलं पाहिजे, हे मात्र बघून घ्या. काही स्वस्त बायपॉडवर आवळायला गुळगुळीत छोटी चकती असते, बोटांना पकडच मिळत नाही. लिव्हर असेल तर उत्तम. समतल केल्यावर ती इतकी आवळा की रायफल स्वतःच्या वजनाने पडणार नाही, पण हाताच्या हलक्या दाबाने सरळ करता येईल.

डावीकडे-उजवीकडे वळणारं डोकं, म्हणजे पॅन, हे हलत्या किंवा पसरलेल्या लक्ष्यांसाठी. समोर एकच कागद असेल तर त्याची गरज नाही, आणि स्वस्त बायपॉडमधला सगळ्यात खुळखुळणारा सांधा नेमका तोच असतो.

विकत घेण्याआधी हातात घेऊन तपासा

शक्य असेल तर बायपॉड प्रत्यक्ष हाताळा. ऑनलाइन मागवलात तर परत करण्याची मुदत संपायच्या आत हेच घरी करा.

पाय लांब न करता नुसते उघडा आणि दोन्ही पायांची टोकं पकडून कात्रीसारखी मागेपुढे हलवा. थोडी लवचीकता असते, पण टक् असा आवाज यायला नको. आता पाय सगळ्यात लांब करून तेच करा. इथे फरक कळतो: आखूड असताना घट्ट वाटणाऱ्या पायांत लांब केल्यावर नळीत नळी खडखडते.

मग डोकं आणि पाय जिथे जुळतात तो रिव्हेट किंवा बोल्ट बघा. बोल्ट असेल तर पुढे आवळता येतो. दाबून बसवलेला रिव्हेट एकदा ढिला झाला की बायपॉड संपला, म्हणून बोल्टवाला निवडा. पाय आत-बाहेर निदान वीस वेळा उघडमीट करा. स्प्रिंग दोन्ही बाजूंना सारख्या जोराने ओढते का? एक पाय मरगळलेला असेल तर घेऊ नका.

आकड्यांचं टोक स्टडच्या भोकात पूर्ण शिरतं का आणि दस्त्याला टेकणाऱ्या भागावर रबर आहे का, हेही बघा. रबर नसेल तर दस्त्यावर ओरखडे तर पडतातच, शिवाय पकडही सुटते.

शेवटी उलटा प्रयोग. पाय टेबलावर रोवा, वरून तळहाताने दाबा आणि पुढे ढकला. झोपून झाडताना खांद्याने रायफल किंचित पुढे रेटावी लागते, त्याला बायपॉड लोड करणं म्हणतात. या दाबाखाली पाय पुढे मिटायला लागले किंवा डोकं कुरकुरलं, तर तो बायपॉड तुमच्या कामाचा नाही.

वापरलेला बायपॉड घ्यायलाही हरकत नाही. चांगल्या घडणीचा जुना बायपॉड नव्या नकलेपेक्षा मला नेहमी जास्त पसंत. यात बिघडण्यासारखं फारसं काही नसतं आणि स्प्रिंग, तळवे बदलता येतात. फक्त आकडे वाकलेले नाहीत ना, हे उजेडात नीट बघा.

बसवताना

बायपॉड जितका पुढे, तितकं चांगलं. सुरुवातीच्या हिशेबात ६० ऐवजी ७० सेंटीमीटर अंतर धरलं, तर १७ मिलिमीटरचा फरक सुमारे १४वर येतो. स्टडवर जागा ठरलेली असते, पण रेल असेल तर पुढच्या टोकाकडे सरका. पाय मात्र झोपल्या जागेवरून हाताला पोहोचतील, इतपतच.

आवळताना ताकद लावू नका. हाताने घट्ट करा, बायपॉड हलवून बघा, मग पुन्हा थोडं. पान्हा घेऊन पिळलं तर लाकडातला स्टड उपटतो.

त्यानंतरची तपासणी बरेच लोक विसरतात. नळी मोकळी, म्हणजे फ्री-फ्लोट असेल, तर ती आणि दस्ता यांच्यामधून कागदाची पट्टी सरकवा. आता बायपॉडवर रायफल टेकवून वरून आणि बाजूने दाब द्या आणि पट्टी पुन्हा सरकवा. स्वस्त रायफलींचे प्लॅस्टिक फोर-एंड बायपॉडच्या दाबाने वाकतात आणि नळीला टेकतात. माझ्याच बाबतीत हे झालं होतं. ग्रुप एकदा डावीकडे, एकदा वर, आणि मी महिनाभर ट्रिगरवरच्या बोटाला दोष देत राहिलो. शेवटी एका अनुभवी सोबत्याने कागद घालून दाखवला, तो मध्येच अडकला. दस्त्याची आतली कड थोडी घासून दिली आणि ग्रुप जागेवर आला.

मागची पिशवी

बायपॉड रायफल पुढून धरतो. तिची मागची बाजू कोण धरणार? मुठीने धरलं तर दर श्वासाला हलतं. बजेट इतकं कमी असेल की बायपॉडनंतर काहीच उरत नाही, तर एक पायरी खालचा बायपॉड घ्या, पण मागची पिशवी हवीच. ती घरी शिवता येते: जाड कापडाची, मुठीत मावेल एवढी, आत प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेली कोरडी बारीक वाळू. गच्च भरू नका. थोडी सैल ठेवली की ती दाबून बट वर उचलता येतो आणि सोडून खाली आणता येतो.

रेंजवरचा पहिला दिवस

पाय रोवा, रायफलच्या सरळ रेषेत मागे झोपा, खांदा हलकेच पुढे द्या. तिरकं झोपलात तर धक्का रायफलला बाजूला फेकतो आणि बायपॉड दर गोळीला उडी मारून नवीन जागी उतरतो. डोळे मिटा, दोन श्वास घ्या, उघडा. क्रॉसहेअर (स्कोपमधली फुली) टार्गेटवरून सरकला असेल तर हाताने ओढून आणू नका, शरीर हलवा.

गुळगुळीत काँक्रीटवर किंवा लाकडी टेबलावर रबर घसरतो आणि पुढचा दाब देता येत नाही. खाली जुन्या सतरंजीचा किंवा रबरी चटईचा तुकडा टाका. खूप जाड गादी मात्र नको, तिच्यावर पाय उसळतात.

वाळूच्या पिशवीवर केलेला झिरो, म्हणजे नेम आणि गोळीची जागा जुळवलेली मांडणी, बायपॉडवर तसाच राहील असं धरू नका. पाच-पाच गोळ्यांचे दोन ग्रुप बायपॉडवर घ्या आणि दोन्हींचा मध्य बघा. दोन्ही ग्रुप एकाच दिशेला सरकले असतील, तर स्कोप त्याप्रमाणे फिरवा. दोन ग्रुपचे मध्य दोन वेगळ्या ठिकाणी असतील, तर स्कोपला हात लावू नका, आधी सांधे तपासा.

आणि घरून निघताना एक बारीक मार्कर सोबत घ्या. बायपॉडच्या प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून शेजारच्या धातूपर्यंत एक रेघ ओढून ठेवा. वीस गोळ्या झाल्या की रायफल रिकामी करा, बोल्ट उघडा ठेवा आणि रेघा बघा. जिथे रेघ तुटलेली दिसेल, तो स्क्रू फिरलाय. तो आवळा आणि पुढच्या वीस गोळ्यांनंतर पुन्हा बघा.